उलट्या लवेचा पट्टा

माझी ताई भांडत असली की सगळं ठीक आहे असं समजावं. ती गोड बोलायला लागली तर मात्र डॉक्टरला बोलवावं. हे मी गमतीने म्हणत असे. आता गमतीने म्हणवत नाही.

आम्ही रंगमंचाचे पडदे शिवतो. ताई मापं घेते आणि हुकूम सोडते, मी कापते आणि शिवते. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, दोऱ्या आणि कप्प्या बसवतात आणि उरलेल्या वेळात आम्हा दोघी बहिणींच्या मध्ये सापडतात. आमचा कारखाना म्हणजे पूर्वीचं एक गोदाम. मधोमध लांबच लांब टेबल, भिंतीला टेकवून ठेवलेले कापडाचे तागे, छताखाली तयार पडदा टांगून बघायला एक आडवा लोखंडी पाइप. आणि दिवे. दिवे इतके की पहिल्यांदा येणारा माणूस डोळ्यांवर हात धरतो. तरी ताईचं एकच पालुपद, "उजेड कमी आहे, आणखी एक लाव."

आमचा सगळा जीव मखमलीच्या लवेत अडकलेला. मखमलीवरून एका बाजूने हात फिरवला तर ती मऊ लागते, उलट्या बाजूने फिरवला तर अंगावर येते. लव वरच्या दिशेला ठेवून शिवलं की रंग गहिरा दिसतो. सगळा पडदा असा आणि एकच पट्टा उलटा लागला, तर दिव्याखाली तेवढाच फिका आणि जुनाट दिसतो. मग लोक नाटक बघायचं सोडून तोच पट्टा बघत बसतात. म्हणून वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे एक शिस्त आहे. ताग्यावरून हात फिरवून मागच्या बाजूला खडूने बाण काढायचा. कापायच्या आधी ताईने तो बाण बघायचा, वाकून कापडाचा कोपरा उलटायचा, हात फिरवून खात्री करायची आणि मोठ्याने "वर" म्हणायचं. तिच्या तोंडून "वर" आल्याशिवाय माझी कात्री उघडत नाही.

वडील याच टेबलापाशी गेले. हातात कात्री होती, छातीवर हात ठेवला आणि खाली बसले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात कोणी नुसतं हुश्श म्हटलं तरी बाकीचे त्याच्या छातीकडे बघतात.

त्या दिवशी एका नव्या नाट्यगृहाचा गर्द लाल पडदा द्यायचा होता. टेम्पो दारात उभा होता. नाट्यगृहात पडदा टांगायचा असला की पहिला आकडा ताई स्वतः अडकवते, तोही शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर उभी राहून. हा तिचा मान आहे आणि त्यात कोणी वाटेकरी झालेलं तिला खपत नाही. शेवटची नजर टाकायला म्हणून आम्ही पडदा पाइपवर चढवला, भाऊजींनी दोरी ओढली. डावीकडचा एक पट्टा फिका होता.

"कापलं कोणी हे?" ताई म्हणाली.

"'वर' म्हणालं कोण?" मी म्हणाले.

झालं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, माझीही गेली. एवढी वर्षं कात्री चालवतेस, हाताला काही कळत नाही का, असं ती म्हणाली. हाताला कळतं पण कान तुझ्याकडे लावून बसावे लागतात ना, असं मी म्हणाले. टेम्पोवाला बाहेरून हॉर्न देत होता. भाऊजी दोरीचं टोक हातात धरून कधी ताईकडे तर कधी माझ्याकडे बघत होते. ताई मला टाचणी म्हणते, कारण मी काटकुळी आहे आणि टोचते. त्या दिवशी मी पोटभर टोचलं. लाज सोडून सांगते, मला मजा येत होती.

"टाचणे, तुला मी..." एवढं बोलून ताई थांबली.

वाक्य अर्धं सोडणं तिच्या स्वभावात नाही. तिने डोळे गच्च मिटले, एक हात मानेमागे नेला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "दिवा बंद कर." मग ती टेबलाला धरून खाली बसली. चेहरा घामाने डबडबला, श्वास लागला, तिला उलटी झाली आणि हात छातीवर गेला. तेच टेबल आणि तोच हात. टेम्पो पडदा न्यायला आला होता, त्यातून आम्ही ताईला नेलं.

हॉस्पिटलच्या दारातूनच मी ओरडायला लागले, "हार्ट आहे हो, हार्ट! आमच्या घरात हार्टच आहे!"

मी म्हणाले म्हणून डॉक्टरांनी मान डोलावली असं नाही. छातीला तारा लावून काढलेला आलेख तेच सांगत होता. रक्ताच्या तपासणीतही हृदयाला इजा झाल्याचं आलं. ताई धड शुद्धीवर नव्हती, काही विचारलं की नुसती कण्हत होती. हृदयाचे डॉक्टर वयाने लहान पण चटपटीत होते. "झटका दिसतोय. रक्त पातळ करायचं इंजेक्शन देऊ या," ते म्हणाले आणि नर्सने सुई भरून ट्रेमध्ये ठेवली. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या तोंडाने माझ्या बहिणीचं हृदय फोडलं, याखेरीज डोक्यात दुसरं काही येत नव्हतं.

तेवढ्यात तिथल्या मोठ्या डॉक्टरबाई आल्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाज शांत. त्यांनी ताईच्या छातीवर ते जेल लावलेलं यंत्र फिरवलं आणि यंत्राच्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"याचा आकार मला जरा वेगळा वाटतोय," त्या धाकट्या डॉक्टरांना म्हणाल्या. "एक मिनिट थांबा. सुई राहू द्या." मग माझ्याकडे वळल्या. "पहिल्यांदा काय झालं? छातीच्या आधी, अगदी पहिलं."

"आमचं भांडण झालं, आणि ती बोलता बोलता थांबली," मी म्हणाले आणि रडायला लागले.

"भांडण असू दे. त्या बोलता बोलता थांबल्या. मग?"

"मग म्हणाली, दिवा बंद कर."

"असं नेहमी म्हणतात का?"

"छे हो. तिला सूर्यसुद्धा कमी पडतो. दिवा बंद कर असं ती जन्मात म्हणालेली नाही."

डॉक्टरबाईंनी ताईच्या डोक्याखाली हात घातला आणि मान हळूच पुढे वाकवायला गेल्या. मान वाकेना. ताई जोरात कण्हली. मग त्यांनी तिचे डोळे एकेक करून उघडून टॉर्चने बघितले.

"ही उजवी पापणी अशी खाली कधीपासून आहे?"

मी भाऊजींकडे बघितलं. भाऊजी कानापर्यंत लाल झाले होते.

"दोन-तीन दिवस झाले," ते चाचरत म्हणाले. "मला वाटलं... म्हणजे मी तिला म्हणालो पण, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच डोळा मारतेस. ती म्हणाली, चावटपणा पुरे. मला वाटलं, लाजली."

एरवी मी हसून लोळले असते. त्या खोलीत कोणीच हसलं नाही. "आधी डोक्याचा स्कॅन," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो बघेपर्यंत रक्त पातळ करायचं काहीही द्यायचं नाही." धाकट्या डॉक्टरांनी एका शब्दानेही वाद घातला नाही. स्वतःच ताईची खाट ढकलत धावले. भरलेली सुई ट्रेमध्ये तशीच राहिली.

स्कॅनमध्ये सगळं दिसलं. मेंदूच्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता आणि तो फुटला होता. मेंदूच्या सभोवती रक्त सांडलं होतं. पातळ करायचं औषध गेलं असतं तर ते थांबलंच नसतं. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"पण मग हृदयाचं काय?" मी विचारलं. "आलेख खोटा होता का?"

"आलेख खराच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी आम्हाला एका बाकावर बसवलं आणि स्वतःही बसल्या. "मेंदूभोवती रक्त सांडलं की मेंदू घाबरतो. जीव वाचवायचा म्हणून तो अंगभर धोक्याचा इशारा देतो. समोर साप दिसला की कसं होतं? छाती धडधडते, घाम फुटतो, रक्त उसळतं. तेच, पण कितीतरी पटीने, आणि एकदम. ती सगळी रसायनं हृदयावर आदळतात. हृदयाच्या नळ्या कुठे तुंबलेल्या नसतात, स्नायू जिवंत असतो. पण तो सुन्न होतो. कोणीतरी अगदी कानाशी येऊन किंचाळलं तर माणूस कसा क्षणभर बधिर होतो, तसं त्यांच्या हृदयाचं झालंय."

"मी किंचाळत होते," मी म्हणाले. "कानाशीच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अहो, तुमचं भांडण एवढं मोठं नाही."

माझा अर्धा जीव भांड्यात पडला. आणि खरं सांगते, थोडा अपमानही वाटला.

पण बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. रागाने रक्तदाब चढतो आणि त्या क्षणी फुगा फुटू शकतो, हे त्यांनी सरळ कबूल केलं. "मात्र तो फुगा आधीपासून वाढत होता," त्या म्हणाल्या. "डोळ्याच्या मज्जातंतूला दाबत होता, म्हणून पापणी खाली आली. आज ना उद्या तो फुटणारच होता. भांडण झालं नसतं तर या वेळी त्या कुठे असत्या?"

"शिडीवर," भाऊजी म्हणाले. "सगळ्यात वरच्या पायरीवर."



फुगा त्यांनी डोकं न उघडता बुजवला. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेली आणि फुग्यात केसासारख्या तारेची वेटोळी भरून टाकली. बाहेरून टाका घालता येत नाही तिथे आम्ही आतून अस्तर भरतो, तसंच काहीसं. मला एवढं कळलं आणि पुरलं. ते काम उत्तम झालं. पण धोका टळला नव्हता. पुढचे काही दिवस मेंदूतल्या इतर नळ्या आकसू शकतात, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्यांच्यातून भरपूर रक्त जोराने जायला हवं. आणि ते पाठवणारं हृदय तर सुन्न पडलेलं.

"आपोआप जागं होतं ते?" भाऊजींनी विचारलं.

"बहुतेकांचं होतं," बाई म्हणाल्या. "आपण औषधांनी आधार देऊ. वाट बघू."

वाट बघणं हे काम मला येत नाही. मी आयुष्यात टाके घालून दिवस काढले आहेत. तिथे हाताला काही नव्हतं. ताईच्या खाटेशेजारी एक यंत्र होतं, त्यावर तिच्या हृदयाच्या ठोक्यांचा हिरवा आकडा सतत उमटत असे. आकडा वाढला की घंटा वाजे, कमी झाला तरी वाजे. मी त्या आकड्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत बसे. आणि बसल्या बसल्या मी स्वतःशी ठरवून टाकलं की हिचं हृदय परत चाललं तर आयुष्यभर हिच्याशी गोड बोलायचं. उलट उत्तर द्यायचं नाही. टाचणी डबीत बंद.

मधल्या काळात पडदा तर द्यायलाच हवा होता. नाट्यगृहाचा पहिला प्रयोग ठरलेला होता, दुसरा लाल तागा मिळायला वेळ लागणार होता. मी आणि भाऊजींनी जाऊन तो तसाच टांगला, उलट्या पट्ट्यासकट. पहिला आकडा कोणी अडकवायचा ते ठरेना म्हणून आम्ही शिडीखाली बराच वेळ उभे होतो. शेवटी भाऊजी चढले आणि खाली उतरून म्हणाले, "तिला सांगू नकोस."

ताई शुद्धीवर आली. आम्हाला ओळखलं, हात हलवले, पाय हलवले. डॉक्टर खूश झाले. मी मात्र खूश होईना, कारण ताई गोड बोलत होती.

नर्सने उशी सरकवली तर म्हणाली, "तुम्हाला त्रास झाला." चमच्याने गार झालेलं सूप भरवलं तर म्हणाली, "छान आहे." गार सुपाला! मी केस विंचरताना गुंता ओढला, तर नुसती माझा हात थोपटत राहिली. मी गोड, तीही गोड. आम्ही दोघी एकमेकींशी असं बोलत होतो की जणू एखाद्या लग्नात नुकतीच ओळख झालीय. एक दिवस भाऊजी तिच्यापाशी बसून बाहेर आले ते पांढरेफटक पडून.

"काय झालं?" मी ओरडलेच.

"अगं, तिने मला थँक्यू म्हटलं."

आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो. ताई वाचली होती, पण ती आमची ताई परत येणार की ही भली बाईच घरी न्यायची, ते कळत नव्हतं. मी डॉक्टरबाईंना विचारलंसुद्धा. "दमल्या आहेत हो," त्या म्हणाल्या. "मेंदूला आणि हृदयाला दोघांनाही मोठा मार बसलाय. धीर धरा." धीर धरणंही मला येत नाही.

मग एका सकाळी त्यांनी पुन्हा ते यंत्र आणलं. जेल लावून छातीवर फिरवलं. या वेळी यंत्राचा पडदा मुद्दाम माझ्याकडे वळवला. पहिल्या दिवशी हृदयाचं टोक फुगून नुसतं लोंबत होतं, हालचाल फक्त वरच्या भागात होती. आता ते टोकही आत येत होतं, बाहेर जात होतं, पुन्हा आत येत होतं. मला त्यातलं काही कळत नाही, पण नीट चाललेलं काम बघितलं की ओळखता येतं.

"जागं झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जवळजवळ पूर्ण."

धाकटे डॉक्टरही मुद्दाम बघायला आले होते. ते लहान मुलासारखे हसले. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि बराच वेळ चष्मा पुसत होते. मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि दोन्ही गिळून मी ताईच्या उशाशी जाऊन बसले. सगळे गेल्यावर ताईने डोळे उघडले.

"पडदा दिला का गं?"

"दिला ना ताई. फार सुंदर दिसतोय. तू मुळीच काळजी करू नकोस हं."

ताई माझ्याकडे बघत राहिली. उजवी पापणी अजून निम्मी खाली होती.

"तू इतकी मऊ का बोलतेस?"

"कुठे काय?"

"पट्टा बदललास ना?"

मी उशीच्या अभ्र्याची शिवण बघायला लागले.

"टाचणे," ताई म्हणाली. "पट्टा बदललास ना?"

"तागा नव्हता गं..."

"म्हणजे तसाच लावलात?" ताईने कोपर टेकून अंग उचललं. "उलटा पट्टा? आपल्या नावाने? आणि आख्खं गाव तिथे बसून तो बघतंय? मी मेले होते का? मला विचारता आलं नाही? तो कोपऱ्यात पडलेला राखाडी तागा कापून, लाल रंगवून..."

यंत्राची घंटा वाजायला लागली. हिरवा आकडा भराभर वर चढत होता. माझी पाचावर धारण बसली. "ताई, शांत हो, चुकलं माझं, सगळं माझं चुकलं!" मी तिचे खांदे धरून तिला खाली दाबत होते आणि ती मला झटकत होती.

"तुझं कसलं चुकलं?" ती ओरडली. "'वर' मी म्हणाले! खडूच्या रेघा मला दोन-दोन दिसत होत्या, टोक कुठलं नि शेपूट कुठलं ते कळेना. हात फिरवायला वाकले की डोकं ठणकायचं. म्हणून न वाकताच, अंदाजाने म्हणाले!"

मी तिचे खांदे सोडले. माझा गोडपणाचा नवस त्या क्षणी मोडला तो कायमचा.

"आणि हे सांगायला काय तोंडाला कुलूप होतं?" मी किंचाळले. "दोन-दोन दिसतंय, डोकं ठणकतंय, आणि बाई शिडी चढायला निघाल्यात!"

"पडदा द्यायचा होता!"

"चुलीत गेला पडदा!"

नर्स धावत आली. तिने यंत्राकडे बघितलं, ताईची नाडी बघितली, तिच्या लालबुंद चेहऱ्याकडे बघितलं आणि बटण दाबून घंटा बंद केली.

"काय झालं तिला?" मी विचारलं.

"काही नाही," नर्स म्हणाली. "राग आलाय."

मी आकड्याकडे बघितलं. ताई अजून बोलतच होती, मला, भाऊजींना, तागा न देणाऱ्या दुकानदाराला, सगळ्यांना एका दमात. पापणीमुळे ती मधूनमधून डोळा मारतेय असं वाटत होतं. आणि तो आकडा, कोणी काही न करता, आपला आपणच खाली येत होता. ताईच्या हृदयाने ताईचा राग सोसला होता. मी स्टुलावर बसले आणि तोंडात पदर कोंबून हमसून हमसून रडले.

"रड नंतर," ताई म्हणाली. "आधी सांग, पट्टा कधी बदलतेस?"